वरून फायबर, आतून चिखल

फायबरची जुनी होडी ज्याला घ्यायची आहे, किंवा जो घेऊन बसला आहे, त्याने हे वाचावं. माझ्या होडीची मागची भिंत ज्याने ‘दुरुस्त’ केली त्या कारागिरानेही वाचायला हरकत नाही. पण तो वाचणार नाही. तो माझे फोनसुद्धा घेत नाही.

फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरचीच, हा समज विकणारे मुद्दाम तसाच राहू देतात. बाकीचं अंग फायबरचं असतं हे खरं. पण आउटबोर्ड इंजिन जिथे कसतात त्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, आत प्लायवूड असतं. बहुधा दोन थर, मिळून दीडेक इंच, आणि दोन्ही बाजूंनी फायबरची कातडी. इंजिनाचे बोल्ट, तळाचं बूच, शिडीचे स्क्रू, सगळी भोकं त्या प्लायमधून आरपार. भोकांच्या आतल्या कडा बंद केलेल्या नसल्या की पाणी शिरतं, आणि एकदा शिरलेल्या पाण्याला बाहेर यायची वाट नसते. वरून रंग चकचकीत, आत लाकूड कुजत चाललेलं.

मी होडी घेतली तेव्हाच वरची कड मला मऊ लागली होती. मी ती त्या कारागिराला बोट लावून दाखवली. स्पष्ट सांगितलं, आतलं लाकूड गेलं असेल तर सगळं काढ, नवं घाल, लागतील ते पैसे घे. तो म्हणाला, “काका, बिनघोर राहा. इंजिन तुटेल पण फळी हलणार नाही.” पैसेही त्याने नव्या फळीचेच घेतले. हे ठासून लिहितोय, कारण पुढे त्याने गावभर सांगितलं की काकांनी स्वस्तात मलमपट्टी मागितली होती.

आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी वाळू साचते. ओहोटीला तिथून बाहेर पडायचं तर लाट बघून, बरोबर वेळ साधून इंजिनाला रेस द्यावी लागते. मी रेस दिली आणि सहज मागे पाहिलं. इंजिनाची टोपी मागे कलली होती. रेस कमी केली, टोपी सरळ. पुन्हा दिली, पुन्हा कलली. आधी वाटलं इंजिनाचे क्लॅम्प सैल झाले. मग लक्षात आलं की क्लॅम्प जागेवर आहेत, भिंतच वाकतेय. पंखा खाली पाण्यात पुढे रेटतो, त्यामुळे इंजिनाचा खालचा भाग भिंतीवर दाबला जातो आणि वरचा मागे ओढला जातो. चाळीस हॉर्सपॉवरचं, सत्तर किलोच्या वरचं धूड. ते तिथेच उखडलं असतं तर इंजिन तर गेलंच असतं, पण मागची भिंत उघडी पडून फुटणाऱ्या लाटांमध्ये होडीही भरली असती. हळूच वळवली आणि कासवाच्या गतीने खाडीत परत आलो. माझ्याबरोबर भाचा होता. त्याला काही बोललो नाही, पण हातपाय गार पडले होते.

घरी आणून इंजिन उतरवलं. पहिला बोल्ट बाहेर ओढला तर मागोमाग तपकिरी पाणी आलं, थेंब नव्हे, धार. मग बारीक ड्रिल लावलं. आधी फायबरची पांढरी पूड आली, ती येणारच. त्यानंतर कोरड्या लाकडाचा पिवळसर भुसा यायला हवा होता. आला तो चहाचा चोथा, ओला आणि काळपट, आणि कुबट वास असा की पडवीपर्यंत गेला. बाजूला दुसरं भोक पाडलं, तेच. खाली बुचाजवळ पाडलं, तिथे तर ड्रिलला काही लागलंच नाही, सरळ आत गेलं.

इथवर मी समजून घेतलं असतं. जुनं लाकूड आहे, त्याच्या नजरेतून सुटलं असेल. पण वरच्या कोपऱ्यात त्याने चढवलेला नवा थर थोडा सुटा दिसला म्हणून त्याखाली पटाशी घातली आणि किंचित उचकटली. अख्खा थर अभ्रा निघावा तसा हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला जुना निळा रंग जसाच्या तसा चिकटलेला. म्हणजे या बाबाने रंगसुद्धा घासला नव्हता! रंगावरच रेझिन ओतलं, मॅटचे दोन थर चढवले, वर पुन्हा रंग. त्याखाली कुजलेला भाग थोडासा कोरून मोटारीच्या टपाला लावतात ती बॉडी पुट्टी भरलेली. ती पुट्टी स्वतःच पाणी पिते. नव्या लाकडाची एक ढलपी त्यात नव्हती. मी तो थर हातात धरून अंगणात कितीतरी वेळ उभा होतो. नुसत्या आळसाला मी एवढा चिडलो नसतो. हा माणूस स्वतः दर्यावर जातो. मुखाशी काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

निरोपावर निरोप धाडल्यावर तो आला. मोटारसायकलवरून उतरला, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “काका, खारं पाणी लागलं की लाकूड कुजायचंच. आणि तुम्ही इंजिन जरा जास्तच पळवलंत.” तो निळा थर समोर धरला तर म्हणाला, “सगळ्यांच्या होड्या अशाच करतात.” पैशांचा विषय काढताच त्याला हर्णैला कुणीतरी थांबलंय हे आठवलं.

त्याच्या खाऱ्या पाण्याच्या शास्त्राबद्दल दोन शब्द. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, तिला गोडं पाणी लागतं. आपल्याकडच्या जुन्या लाकडी होड्या समुद्रात वर्षानुवर्षं टिकल्या त्या काय हवेवर? फायबरच्या होडीचा घात पावसात होतो. दापोलीच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जून-जुलैच्या बंदीत होड्या वर ओढून फाटक्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात. होडी सपाट, बूच लावलेलं. सगळं पाणी आत साचून बोल्टांच्या भोकांतून झिरपत राहतं.

तर मग काम घरीच केलं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी, मला जे कुणी सांगितलं नाही ते सांगतो.

भिंत कापण्याआधी होडीला खालून आकाराप्रमाणे ठोकळे द्या आणि मागच्या दोन्ही कडांना आडवा वासा बांधा. ट्रान्सम निघाला की होडीचा मागचा भाग मोकळा होतो आणि हळूहळू फाकतो. तसाच नवा प्लाय बसवलात तर फाकलेला आकार कायमचा झाला. बाहेरची कातडी शाबूत असेल तर ती ठेवा, आतली कापून काढा आणि सगळं कुजकं लाकूड आतल्या बाजूने उकरा. थोडं घट्ट लागतंय, राहू दे, असं करू नका. ओलं लाकूड ठेवलंत की तिथूनच पुन्हा सुरुवात. उकरून झालं की गोड्या पाण्याने भरपूर धुवा, कारण राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, आणि मग कडकडीत वाळू द्या. सगळ्यांत जास्त वेळ यातच जातो आणि सगळ्यांत जास्त घाईही इथेच होते.

प्लायबद्दल दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून तो जो देतो तो बहुधा बीडब्ल्यूआर असतो. मरीन प्लायवर आयएस ७१० हा शिक्का हवा. त्याची परीक्षा बहात्तर तास उकळत्या पाण्यात होते, बीडब्ल्यूआरची आठ तास. शिक्केही खोटे मारतात, म्हणून एक तुकडा आणून चुलीवर दिवसभर उकळा आणि कडेने थर सुटतात का बघा. कापलेल्या कडेला पोकळी दिसली तर ती शीट परत करा. सुताराने मला सागाची अखंड फळी घालायचा आग्रह केला. साग कितीही चांगला असला तरी अखंड फळी ओलीने आडवी फुगते, कोरडी होताना आकसते, आणि वरची फायबर तडकते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो हलत नाही.

साचा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा कापा. बाजू आत झुकलेल्या असतील तर एवढा मोठा तुकडा वरून आत जाणारच नाही. पहिला थर दोन तुकड्यांत घाला, दुसरा असा की त्याचा जोड पहिल्या जोडावर येणार नाही.

रेझिनचा मुद्दा वादाचा आहे, पण माझं मत ठाम आहे. आपल्याकडे सगळे पॉलिएस्टर वापरतात, कारण ते स्वस्त आहे आणि पटकन सुकतं. पूर्ण होडी साच्यात ओतायची असेल तर ते उत्तम. जुन्या फायबरला आणि लाकडाला चिकटायचं असेल तर इपॉक्सी. महाग आहे, मान्य. पण त्या कारागिराला दिलेल्या पैशांत माझं सगळं इपॉक्सी येऊन वर उरले असते. इपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. त्याऐवजी विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर चढवायला जाऊ नका, धड चिकटत नाही.

हार्डनर वजनकाट्यावर मोजा. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट अर्धवट राहतं. एप्रिलच्या उन्हात मगभर मिश्रण करून ठेवलंत तर ते मगातच तापून धूर सोडतं. थोडं थोडं करा आणि लगेच पसरट थाळ्यात ओता. प्लायवर पहिला पातळ हात उन्हं उतरताना द्या. लाकूड तापत असताना त्यातली हवा बाहेर येते आणि लेपावर बुडबुडे येतात. गार होताना तेच लाकूड रेझिन आत ओढतं.

प्लाय बसवताना मागे घट्ट केलेलं इपॉक्सी सढळ हाताने लावा आणि बाहेरच्या कातडीला चार-सहा बारीक भोकं पाडून ठेवा. कसताना प्रत्येक भोकातून मिश्रण बाहेर आलं तर आत पोकळी राहिली नाही. कसायचं पण फार नाही, नाहीतर सगळं मिश्रण पिळून बाहेर जातं. कोपरे काटकोनात सोडू नका, कापड तिथे उचललं जातं. मी आमटीच्या डावाच्या पाठीने गोलाई दिली. तो डाव आता स्वयंपाकघरात चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. कापड जिथे जुन्या फायबरवर चढतं तिथे फायबर तासून उतार करा, जाडीच्या बारापट रुंद.

ज्यांना पॉलिएस्टरच वापरायचं आहे त्यांच्यासाठी एकच, पण जिवाची गोष्ट. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन कधीही थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मगच हार्डनर. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्या हार्डनरचा एक थेंब डोळा घालवायला पुरतो. आमच्या भागात पोरं हे काम उघड्या डोळ्यांनी, बनियनवर करतात आणि मालक बघत उभा असतो.

घासताना मास्क लावा, वारा बघा. मी वारा बघितला होता, तो मध्येच फिरला. शेजारच्या वहिनींनी अंगणात फणसपोळी वाळत घातली होती. काचेची धूळ त्यावर उडाली म्हटल्यावर ती टाकूनच द्यावी लागली, आणि तो हिशोब अजून मिटलेला नाही. अंगाला खाज सुटली तर गार पाण्याने धुवा, तेल चोळू नका.

शेवटी भोकं. इंजिनाच्या बोल्टांसाठी मापापेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडा. मग बोल्टाचा लाकडाशी संबंधच येत नाही. तसंच बुचाचं. बोल्ट ३१६ स्टीलचे, आत रुंद पट्टी, आणि सीलंट पॉलियुरेथेनचा. बाथरूमचं सिलिकॉन पाण्याखाली घालू नका. या एवढ्याच गोष्टीला अर्धा दिवस लागतो. मूळ होडी बांधणाऱ्याने तो अर्धा दिवस वाचवला आणि तिथून हे सगळं रामायण घडलं.

पावसाळ्यात होडी नाळ उंच करून ठेवा आणि बूच काढून ठेवा.

आणि जुनी होडी बघायला जाल तेव्हा खिशात पाना न्या. इंजिनाच्या खालच्या बोल्टांपैकी एक काढू द्या म्हणा. बोल्ट कोरडा निघाला तर पुढचं बोलणं. ओला निघाला तर नव्या ट्रान्समची किंमत वजा करून भाव सांगा. आणि विकणारा “कशाला उगाच सील तोडताय” म्हणून आडवा आला, तर त्याचा चहा पिऊन घरी या.