कंबर धरली? अमरावती-अकोल्यात खर्च किती आणि कुठला टाळायचा

कापूस वेचताना, पोतं उचलताना किंवा दुचाकी खड्ड्यात आदळून कंबर धरली, तर लगेच एमआरआयला धावू नका. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत ओसरते. अंथरुणाला मात्र खिळून राहू नका. दोन दिवसांनंतरची विश्रांती दुखणं लांबवते.

याला अपवाद आहेत. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातलं बळ गेलं, सोबत ताप आहे किंवा पडून मोठा मार लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १०८ची गाडी मोफत आहे.

एरवी अमरावतीत इर्विन रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय. अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळीच पोहोचा. आधारकार्ड, जुने कागद आणि चालू गोळ्या सोबत न्या. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सर्वोपचार वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, तिथे केसपेपर आणि तपासण्यांना सरकारी दर लागतो.

खासगीत अंदाज असा धरा: तपासणी ४०० ते ७०० रुपये, एक्स-रे ३०० ते ६००, फिजिओथेरपीची एक बैठक २०० ते ५००, कंबरेचा एमआरआय ५ ते ८ हजार. खरा खर्च या दरांच्या आडून येतो. 'वीस बैठकांचं पॅकेज, आगाऊ भरा' म्हटलं तर नाही म्हणा. तीन-चार बैठकांत व्यायाम नीट शिकून घ्या, पुढचे घरी करा. मशीनचे पैसे वेगळे का, फेरतपासणीला पुन्हा फी का, हे आधीच विचारा. पट्टा आणि गोळ्या दवाखान्यातूनच घेण्याची सक्ती नसते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात किंमत पाहा. 'अमुकच सेंटरला एमआरआय करा' असा आग्रह झाला, तर दुसऱ्या ठिकाणचा दर विचारून घ्या. फिल्म आणि रिपोर्ट तुमचे, ते मागून घ्या.

नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. दुखण्याच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. मणका 'बसवून' घेणं तर अजिबात नको. फिजिओथेरपिस्टकडे जाणार असाल, तर त्यांना राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा.

शस्त्रक्रिया सुचवली, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त यादीतल्या उपचारांना आणि संलग्न रुग्णालयांत. बाह्यरुग्ण तपासणी त्यात बसत नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. खासगी विमा असेल तर मणक्याच्या आजाराला बहुधा २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. नुसत्या एमआरआयसाठी दाखल झालात, तर दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता आहे.