खेळणी स्वयंपाकघरातली

(लहान भावंडांना सांभाळण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांना करावे लागते. घरातल्या साध्या वस्तूंनी त्यांना कसे खेळवावे आणि खेळवताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण आहे का? असेल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. अब्बांनी बाजारातून आणलेली चावीची मोटार ते मूल थोडा वेळ चालवते आणि बाजूला टाकते. पण अम्मीच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरले, की डबे, झाकणे आणि चमचे घेऊन कितीतरी वेळ रमते. आपण म्हणतो, "किती पसारा केलास रे!" पण तो नुसता पसारा नसतो. तो त्याचा अभ्यास असतो.

लहान मुलाला वाचता येत नाही. मग ते शिकते कसे? डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाच ज्ञानेंद्रियांनी. बर्फ थंड असतो, हे त्याला सांगून कळत नाही. एकदा बर्फाला हात लावला, की ते कधी विसरत नाही. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचा वास आला, की तीन वर्षांचे मूलही अंथरुणातून उठून बसते.

ही गोष्ट मोठमोठ्या शिक्षकांनी ओळखली होती. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. मुलांनी हात लावून, ऐकून, पारखून शिकावे म्हणून त्यांनी खास साधने तयार केली. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. विकतची साधने खेड्यातल्या बालवाडीला कशी परवडणार? म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूच त्यांनी साधने म्हणून वापरल्या. गरीब मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिला त्या 'अंगणवाडी' म्हणत. पुढे १९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले.

आता तुम्हीही घरी करू शकाल असे चार खेळ सांगते. तीन वर्षांहून मोठ्या भावंडांसाठी हे खेळ आहेत.

वासाच्या पुरचुंड्या : जुन्या मलमलीचे चार तुकडे घ्या. त्यांत वेलची, लवंग, दालचिनी आणि चहाची पूड बांधा. भावंडाला डोळे मिटून वास ओळखायला सांगा. मिरची आणि मिरी मात्र घेऊ नका.

आवाजाच्या डब्या : आतले दिसणार नाही अशा सारख्या आकाराच्या सहा रिकाम्या डब्या घ्या. दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत राजमा आणि दोन डब्यांत खडे भरा. झाकणे चिकटपट्टीने पक्की बंद करा. डबी हलवून तिची जोडी शोधायची.

स्पर्शाची पिशवी : कापडी पिशवीत गोणपाटाचा तुकडा, साटीनची चिंधी, लोकरीचा गुंडा आणि नारळाची शेंडी ठेवा. न पाहता हात घालून खरखरीत काय आणि मऊ काय, ते सांगायचे.

पाण्याची परात : परातीत दोन बोटे पाणी घ्या. चमचा, बाटलीचे मोठे झाकण, पान आणि मोठा दगड जवळ ठेवा. कोणती वस्तू बुडेल आणि कोणती तरंगेल, हे आधी विचारा. मग ती पाण्यात टाका.

या खेळांना पैसे लागत नाहीत. पण एक गोष्ट लागतेच. ती कोणती, हे मला आठवीत असताना समजले.

त्या दिवशी अम्मी बाहेरच्या खोलीत मशीनवर कपडे शिवत होती. अडीच वर्षांचा धाकटा भाऊ माझ्याजवळ होता. मी थाळीत हरभरे घेतले, वाटी-चमचा त्याच्या हातात दिला आणि माझे पुस्तक उघडले. तो इतका शांत खेळत होता, की मी मान वर केलीच नाही. मग एकदम रडणे ऐकू आले. त्याने एक हरभरा नाकात घातला होता. घाबरून मी केसातल्या पिनेने तो काढायला गेले. हरभरा आणखी आत सरकला. अम्मी धावत आली आणि आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी चिमट्याने हरभरा काढला. ओलीने तो चांगलाच फुगला होता. डॉक्टर मला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटी, खेळ चांगला होता. पण खेळवणारी कुठे होती?"

ते वाक्य मी आजही विसरले नाही.

म्हणून तीन वर्षांखालील मुलाला हरभरे, शेंगदाणे, मणी, बटणे, नाणी देऊ नका. त्याला वाट्या, लाकडी चमचा, कापडाचा चेंडू द्या. घड्याळाचा बारीक सेल तर कोणत्याच लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला, तर आतून भाजते आणि जिवाला धोका असतो. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. म्हणून परातीजवळून उठू नका आणि खेळ संपताच पाणी झाडांना घाला. नाकात काही अडकले, तर पिनेने काढू नका. लगेच मोठ्यांना सांगा. खेळून झाल्यावर धान्य निवडून डब्यात भरा. अन्नाचा दाणाही वाया जाऊ नये.

आज घरी गेल्यावर अर्धा तास पुस्तक मिटून ठेवा आणि आपल्या छोट्या भावंडाजवळ बसा.

शब्दार्थ
ज्ञानेंद्रिये – ज्यांच्यामुळे जगाचे ज्ञान होते ते शरीराचे अवयव
पुरचुंडी – कापडात बांधलेली लहान गाठोडी
गोणपाट – तागाचे जाड कापड
परवडणे – खर्च करणे शक्य असणे

स्वाध्याय
१. लहान मूल कशाच्या साहाय्याने शिकते?
२. ताराबाई मोडक यांनी कोणत्या वस्तू साधने म्हणून वापरल्या? का?
३. "खेळवणारी कुठे होती?" असे डॉक्टर का म्हणाले?
४. तुमच्या भावंडासाठी घरातल्या वस्तूंचा एक नवा खेळ तयार करा आणि पाच वाक्यांत लिहा.