रविवर्म्याची लक्ष्मी आणि दिवाणांचं पत्र

प्रश्न : आमच्या अकोल्यातल्या जुन्या घरी देवघराच्या वर कमळात उभ्या लक्ष्मीचं चित्र आहे. आजी त्याला ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हणायची. ही चित्रं छापायची कल्पना एका मराठी दिवाणाने पत्रातून सुचवली होती, असं परवा कुणीतरी सांगितलं. राजेरजवाड्यांची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराला दिवाण असलं पत्र का लिहील? यात खरं किती?
– एक वाचक, अकोला

उत्तर : पत्र खरं आहे, आणि ते लिहिणारा माणूसही मराठीच. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले. जन्म १८२८ सालचा, कुंभकोणमचा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८६२ मध्ये चौदा वर्षांचा रविवर्मा मामाबरोबर त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात आला, तेव्हा तिथले दिवाण माधवरावच होते. दोघांच्या वयात वीस वर्षांचं अंतर. त्यामुळे या मैत्रीत बरोबरीपेक्षा वडीलकी जास्त होती, आणि पत्राचा सूरही तसाच आहे.

पुढे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि १८७५ मध्ये माधवराव बडोद्याला आले. तरुण सयाजीरावांच्या हाती १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार आला. त्या सुमारास रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा बडोद्यात व्यक्तिचित्रं रंगवायला आले, त्यामागे माधवरावांचा शब्द होता. चित्रकाराच्या कामाचा वेग, गिऱ्हाइकांची रांग आणि रिकाम्या हाताने परतणारे लोक, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं.

म्हणून पत्रातला हिशेब अगदी दिवाणाचा आहे. आशय असा : तुमची चित्रं आपल्याकडे असावीत असं वाटणारे पुष्कळ आहेत, दोनच हातांनी एवढी मागणी पुरी होणं कठीण, तेव्हा निवडक चित्रं युरोपला पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्या, त्याने तुमचा लौकिक वाढेलच, पण देशाचीही सेवा होईल. चित्रकाराच्या चरित्रांतून हे पत्र वारंवार उद्धृत होतं. त्यात कलेची थोरवी वगैरे काही नाही. मागणी, पुरवठा आणि उपाय एवढंच आहे, आणि मला ते त्यामुळेच आवडतं.

आता त्यातली खरी अडचण पाहा. व्यक्तिचित्र हा एका घराचा माल. महाराजांचं चित्र महाराजांच्याच दिवाणखान्यात लागणार, त्याच्या हजार प्रती कोण घेणार? छापायचं तर पुराणातली पात्रं आणि देवदेवताच हव्यात. हा साठा बडोद्यामुळेच वाढला. सयाजीरावांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं, मोबदला पन्नास हजार रुपये. ती चित्रं आधी लोकांना पाहायला ठेवली तेव्हा गर्दी लोटली. माधवरावांनी लिहिलेली मागणी आता डोळ्यांसमोर उभी होती.

तरीही छापखाना निघायला १८९४ उजाडलं. तेव्हा माधवराव हयात नव्हते, १८९१ मध्येच ते वारले होते. मित्राचा सल्ला रविवर्मांनी जसाच्या तसा पाळलाही नाही. चित्रं युरोपला पाठवण्याऐवजी त्यांनी यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून इकडे आणले आणि गोवर्धनदास खटाव मकनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत गिरगावात छापखाना थाटला. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागतो. दगडावर रेखाटन करायचं, कागद एका दगडावरून काढून दुसऱ्यावर बरोबर त्याच जागी बसवायचा, आणि शेवटी वर वार्निश. कागद जरा सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जातो.

वऱ्हाडात ही चित्रं पोचायला अडचण नव्हती. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ पासून अकोला आणि बडनेऱ्यावरून धावत होती. इकडचा कापूस मुंबईला जायचा आणि मुंबईचा माल इकडे यायचा. गुंडाळलेला कागद न्यायला किती जागा लागते?

तुमच्या चित्रातली लक्ष्मी नीट पाहा. चार हात आहेत, कमळ आहे, हत्ती आहे, पण चेहरा मात्र समोर बसवून काढलेल्या एखाद्या बाईचा वाटतो. व्यक्तिचित्रकाराची सवय ती. टीकाकारांनी पुढे यावर बरीच झोड उठवली : देवी माणसासारखी दिसते, नाटकातली वाटते. तक्रार खोटी नाही. पण तेवढ्याचसाठी आजीला ती घरातली वाटली असावी. शिवाय अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये पंजाबराव देशमुखांना सत्याग्रह करावा लागला, हेही ध्यानात घ्या. कागदावरच्या लक्ष्मीला घरात आणायला कुणा पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. माधवरावांनी ‘देशाची सेवा’ म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही. दिवाणसाहेबांचा विचार बहुधा सुशिक्षितांच्या अभिरुचीपुरताच असावा. पत्राचा परिणाम त्या विचारापेक्षा कितीतरी लांब गेला.

प्रश्न : मग या धंद्यात रविवर्मा गब्बर झाले असतील? आणि आमच्याकडची प्रत त्यांच्याच छापखान्याची आहे हे कसं ओळखावं?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : गब्बर कसले! चित्रं खपली, पण कर्ज वाढत गेलं आणि भागीदारीही टिकली नाही. प्लेगच्या वर्षांत छापखाना मुंबईतून हलला, तो घाटकोपरमार्गे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्मांनी तो चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छपाई मात्र नव्या मालकाने पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्याचं काम केलं. मळवलीच्या इमारतीला १९७२ मध्ये आग लागली आणि उरलंसुरलंही गेलं. दोन हात पुरणार नाहीत, हा माधवरावांचा हिशेब बरोबर होता. छापखाना चालवायला तिसरा, व्यापाऱ्याचा हात लागतो, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

ओळखण्याची खूण चित्राच्या तळाशी असते. खालच्या समासात बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेसचं नाव आणि मुंबई, कार्ला किंवा मळवली-लोणावळा यांपैकी ठिकाण छापलेलं सापडतं. मुंबईचं नाव असेल तर प्रत सहसा आधीची. नुसती चित्रावर रविवर्मांची सही दिसली म्हणून हुरळू नका, नकला करणाऱ्यांनी सहीसकट नकला केल्या आहेत. कुणी हौसेने लक्ष्मीच्या साडीवर जर किंवा टिकल्या चिकटवल्या असतील तर त्या काढू नका, घरोघरच्या बायकांनी केलेली ती सजावट आता चित्राचाच भाग आहे. फ्रेम बदलताना समास कापू देऊ नका, काच काढून ओल्या फडक्याने पुसू नका, आणि चित्र ओल धरणाऱ्या भिंतीवर असेल तर ते पावसाळ्याआधी दुसरीकडे लावा.