शंभर रुपयांत धान्य किती?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात घरखर्चाचा विषय निघाला. “हल्ली गरीब माणूससुद्धा धान्याआधी बिस्किटांचा पुडा घेतो,” असे कोणी म्हणाले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावून न्याय करण्याआधी हिशेब तरी पाहावा, म्हणून हा पाठ.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम आपल्या देशात १९५० साली सुरू झाले. पाहणीचे लोक घरोघर जाऊन कशावर किती खर्च झाला ते विचारतात. खेड्यातल्या कुटुंबाने १९७२-७३ साली शंभर रुपये खर्च केले, तर त्यांतले सुमारे ७३ अन्नावर जात, आणि एकट्या धान्यावर ४१! १९९९-२००० पर्यंत अन्नाचे ५९ व धान्याचे २२ झाले. २०२२-२३ च्या पाहणीत अन्न ४६ वर आले आणि धान्य पाचाच्याही खाली. शहरांतही धान्याचे २३ होते, ते चारांच्या आत आले.

ह्यात नवल नाही. एर्न्स्ट एंगेल ह्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचा सोबती एंगेल्स तो निराळा) १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून नियम मांडला, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. मिळकत वाढली की अन्नावरची रक्कम वाढते, पण वाटा घटतो. आपल्याकडे मात्र धान्याचा वाटाच नव्हे, तर मापही घटले आहे. १९९३-९४ साली खेड्यात माणशी महिन्याला १३.४ किलो धान्य लागे. २०२२-२३ मध्ये ते दहा किलोंच्या आत आले.

मग धान्याचे सुटलेले रुपये गेले कुठे? खेड्यात २०२२-२३ साली शंभरांतले आठ रुपये दूधदुभत्यावर गेले, म्हणजे धान्याहून अधिक. प्रवासावर साडेसात, औषधपाण्यावर सात. आणि पेये व तयार खाद्यपदार्थांवर साडेनऊ. आमच्या वर्गाचा रोष ह्या साडेनऊंवर होता. पण ह्या रकान्यात केवळ बिस्किटे व फरसाण नाही. टपरीवरचा चहा त्यातच आणि विकतचे जेवणही त्यातच. पहाटे घर सोडून कामाच्या गावी जाणारा मजूर दुपारी खातो, तेही इथेच मांडले जाते. त्याला चैन म्हणावे काय?

आकडे वाचताना सावधगिरी हवी. रेशनवर फुकट मिळालेले धान्य ह्या खर्चात धरलेले नाही; पण त्याची किंमत धरली तरी धान्याचा वाटा फारसा वाढत नाही. २०२२-२३ साली पाहणीची रीतही बदलली, एकाच भेटीऐवजी तीन भेटी झाल्या. त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना जपूनच करावी. शिवाय ही सरासरी आहे. त्या वर्षी खेड्यात सरासरी खर्च माणशी महिना ३,७७३ रुपये होता. अगदी तळच्या शंभरांतल्या पाचांचा मात्र १,३७३. एवढ्यात दूध किती आणि औषध किती, ते वाचकांनीच मांडून पाहावे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या महिन्याचा जमाखर्च आणायचे ठरले आहे. आम्ही आमची वही आधीच उघडून बसलो. बाहेरचे खाणे धान्याच्या दुप्पट निघाले. आणि बिस्किटांचे पुडे चार.