आधी उभं राहणं, मग मारणं

मे महिन्यातल्या एका गोल्फ शिबिरात माझ्या लेकीला भुवईवर क्लब लागला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. मुलं अर्धवर्तुळात उभी होती आणि कोच एका पालकांशी बोलत होते. लेकीचा बॉल टीवरून, म्हणजे तो ठेवायच्या खुंटीवरून, घरंगळला. तो उचलायला ती वाकून पुढे सरकली, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या मुलाने स्विंगसाठी क्लब मागे नेला. क्लबच्या लोखंडी डोक्याची कड भुवईच्या जरा वर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, टाके घालावे लागले. तीच कड बोटभर खाली बसली असती तर काय झालं असतं, ते टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं.

शिबिरवाल्यांचं म्हणणं पडलं, "खेळ म्हटला की असं व्हायचंच." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कबड्डीत गुडघे फुटतात, कारण कबड्डीत अंगाला अंग भिडतं. गोल्फमध्ये कुणी कुणाच्या अंगाला हातही लावत नाही. तिथे मुलाचं डोकं फुटलं, तर शिकवण्याचा क्रम चुकला असंच समजायचं. ज्या मुलाच्या हातात तो क्लब होता त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. तो पोरगा माझ्या लेकीपेक्षाही जास्त घाबरला होता. संध्याकाळी मी त्याच्या आईला फोन लावला आणि दोघा मुलांना मुद्दाम एकमेकांशी बोलायला लावलं. ते फार गरजेचं होतं.

लेकीने गोल्फ सोडला नाही. जखम भरल्यावर आम्ही जागा बदलली. तिथे तिला ज्या क्रमाने शिकवलं त्यामुळे ती आजही हौसेने खेळते. मुलाला या खेळात आणायचा विचार करणाऱ्या प्रत्येक आईबापापर्यंत तो क्रम पोहोचावा, म्हणून हे लिहिते आहे.

क्लब हातात यायच्या आधी

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कुणालाच बॉल मिळाला नाही. गवतावर फक्कीने गोल आखलेले होते, प्रत्येक मुलाचा एक. क्लब धरून हात पूर्ण लांब केला, चारी दिशांना फिरवला, तरी शेजारच्या गोलाच्या आसपासही पोहोचणार नाही, इतके ते लांब लांब होते. सरांनी "क्लब खाली" म्हटलं की हातातला क्लब जमिनीवर आडवा ठेवायचा, मग कुणी स्विंगच्या मध्यात असो वा नसो. हे मुलांकडून इतक्या वेळा करून घेतलं की त्याचाच एक खेळ झाला. मग प्रत्येक फटक्याआधी म्हणायचं वाक्य आलं, "मागे बघ, बाजूला बघ, मग मार." तेही मोठ्याने म्हणायचं, मनातल्या मनात नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे सुटलेला बॉल उचलायला जायचं नाही. तो तिथेच राहू द्यायचा. सगळ्यांनी मारून झालं, सगळ्यांचे क्लब खाली ठेवले गेले, की सगळे मिळून बॉल गोळा करणार. माझ्या लेकीला लागलं ते घरंगळलेला बॉल उचलताना. मुलाचा हात सांडलेल्या वस्तूकडे आपोआप जातो, म्हणून हा नियम समजावून भागत नाही, अंगवळणी पाडावा लागतो.

मुलांमध्ये कुणी डावखुरा असेल तर त्याला रांगेच्या टोकाला उभं करावं, कारण त्याचं तोंड बाकीच्यांच्या उलट दिशेला असतं आणि त्याचा क्लब भलत्याच बाजूने फिरतो. आणि मैदानावर कुणी सावध करायला "फोर!" असं ओरडलं, तर बॉल कुठून येतोय ते पाहायला मान वर करायची नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसायचं. हेही घरी करून बघा. मुलांना मजा वाटते आणि लक्षात राहतं.

लहान मुलांच्या गोल्फमधल्या दुखापतींबद्दल डॉक्टर जे सांगतात, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बऱ्याच मुलांना लागतं ते डोक्याला, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या क्लबने. त्यातल्या कितीतरी घटना कोर्सवर घडतच नाहीत. त्या घराच्या अंगणात, मोठं माणूस जवळ नसताना घडतात. म्हणून क्लब खेळण्यांच्या टोपलीत ठेवू नका. कपाटात, कुलपात ठेवा. घरी सरावाला पटर (बॉल होलकडे घरंगळवायचा क्लब) आणि पोकळ प्लास्टिकचा बॉल पुरतो. खरा बॉल जवळजवळ ४६ ग्रॅमचा आणि चांगलाच टणक असतो. तो दिवाणखान्यात नकोच.

होलपासून मागे सरकत

बऱ्याच शिबिरांत पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती लांब फटक्यांचा ड्रायव्हर देतात, कारण त्याचा फोटो छान येतो. पण लहान मुलाने सुरुवात करायची ती ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर), होलपासून एका फुटावर, पटर घेऊन. स्विंग छोटा असल्याने धोका कमी, आणि बॉल आत पडतो म्हणजे काय हे मुलाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. एका फुटावरून जमलं की दोन फूट, मग तीन. मग ग्रीनच्या कडेवरून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका. नंतर तीस पावलांवरून. लांबचे फटके सगळ्यात शेवटी.

यामागे खेळाचंच गणित आहे. गोल्फचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, ठरवताना प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात. म्हणजे १८ होलच्या पार ७२ कोर्सवर ३६ फटके पटरचेच झाले, अगदी निम्मे. आपला गोल्फर एस.एस.पी. चौरासियाच बघा. तो कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधल्या ग्रीनकीपरचा मुलगा. त्याचा जवळचा खेळ इतका पक्का की लोकांनी त्याचं नाव 'चिपपुटसिया' पाडलं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्याने जिंकली. बंगळुरूची अदिती अशोक पाच वर्षांची असताना या खेळाकडे वळली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचे लांब फटके इतरांपेक्षा कमी अंतर जात होते. तरी ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिला तिथवर नेलं ते तिच्या पटिंगने.

नव्या जागी खेळाडूंच्या बॅगा वाहणारे एक वयस्कर कॅडीकाका होते. मुलांची गर्दी ओसरली की ते ग्रीनवर येत, खिशातून एक रुपयाचं नाणं काढत आणि लेकीच्या बॉलपुढे वीतभर अंतरावर ठेवत. "बाळा, होलकडे बघू नको. बॉल रुपयावरून गेला पाहिजे, बस." बॉल नाण्यावरून गेला की हलकासा उडायचा आणि लेक ओरडायची, "काका, गेला!" पटरचं तोंड सरळ ठेवण्याचा इतका सोपा धडा मी दुसरा पाहिला नाही. घरी सतरंजीवरही तो करता येतो.

क्लब उंचीच्या मापाने

घरातला जुना क्लब कापून मुलाला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तसं करू नका. शाफ्ट कापला की तो अधिक ताठ होतो, डोक्याचं वजन मात्र तेवढंच राहतं. ते उचलायला मूल पाठ मागे टाकतं, मनगटं मुरडतं, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. मोठ्यांचा ड्रायव्हर साधारण ४५ इंचांचा, म्हणजे ११४ सेंटिमीटरचा असतो. सहा वर्षांच्या मुलाची उंचीही जवळपास तेवढीच. मुलांचे क्लब हलके, बारीक ग्रिपचे आणि उंचीनुसार मिळतात. विकत घेताना वय सांगू नका, उंची मोजून न्या. नियमानुसार बॅगेत १४ पर्यंत क्लब चालतात. लहान मुलाला एक पटर, एक वेज आणि एक सात नंबरचा आयर्न पुष्कळ झाले. मुलं वाढतात, क्लब तोकडे पडतात, म्हणून गोल्फ क्लबातल्या ओळखीच्या पालकांकडे वापरलेले क्लब आधी विचारा.

आपली मुलं गोल्फला येतात ती क्रिकेट खेळून. बॉलकडे एक पाऊल टाकून मारणं त्यांच्या अंगात असतं. त्यावरून रागावू नका. पाय जागेवर ठेवायची सवय त्या फक्कीच्या गोलातच लागते. पकड सुरुवातीला दहाही बोटांची असू द्या. बोटं एकमेकांत अडकवायची घाई नको, लहान तळव्यांना ते झेपत नाही. उजवा की डावा, हे मुलालाच ठरवू द्या. नामवंत गोल्फर फिल मिकेल्सन एरवी सगळी कामं उजव्या हाताने करतो. पण लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून त्यांचा स्विंग पाहत शिकला, म्हणून डावा खेळतो, आणि तसाच खेळून त्याने सहा मेजर स्पर्धा जिंकल्या.

वळवाचा पाऊस आणि उंच गवत

महाराष्ट्रात शिबिरं भरतात एप्रिल-मेमध्ये, आणि वळवाचा पाऊसही तेव्हाच येतो. उघडं माळरान, एकाकी झाडं आणि हातात धातूचा क्लब. विजेच्या वेळी याहून वाईट जागा नाही. वीज चमकल्यापासून तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर खेळ लगेच थांबवायचा. आसरा पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत घ्यायचा. झाडाखाली नाही, छत्रीखाली नाही, उघड्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. "एवढा एक होल संपवू" म्हणणाऱ्या मोठ्या माणसाचंही ऐकायचं नाही, हे मुलाला सांगून ठेवा.

उन्हाचा ताप टाळायचा तर सकाळी नऊच्या आत सराव उरकावा. पाणी आणि टोपी बॅगेत आधी जावी, क्लब मग. पावसाळ्यात उंच गवतात गेलेला बॉल शोधायला मुलाला हात घालू देऊ नका. घोणस अशाच गवतात असते. मुलाला म्हणावं, गेला तर गेला, दुसरा घे. ग्रीनवर खतं आणि कीटकनाशकं मारतात. टी तोंडात धरायची किंवा बॉल थुंकीने पुसायची सवय पहिल्या दिवशीच मोडा, आणि डबा उघडायच्या आधी हात साबणाने धुवायला लावा.

किती खेळायचं

टायगर वूड्स १९७८ मध्ये दोन वर्षांचा असताना अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर पटरने बॉल मारताना दिसला होता. त्याचा दाखला देत पाच वर्षांच्या मुलाला बादल्यांवर बादल्या बॉल मारायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. वाढत्या वयात कंबर एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पिळली गेली की मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. मुलाची कंबर दुखत असेल आणि ते दुखणं थांबत नसेल, तर "थकला असेल" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला एका वेळी अर्धा तास भरपूर होतो. पोहणं, धावणं, क्रिकेट चालू राहू द्या. एकाच खेळाला जुंपायचं हे वय नव्हे.

कोर्सवर पहिल्यांदा नेलं की होलच्या सुरुवातीच्या टीवरून नको, ग्रीनजवळ पन्नास पावलांवरून खेळू द्या. आठ फटक्यांत आत गेला नाही तर बॉल उचलून पुढच्या होलला चला. फटक्यांना अशी कमाल मर्यादा घालून खेळायचा प्रकार २०१९ पासून मोठ्यांच्या नियमांतही आहे, त्यामुळे मुलाला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

लागलंच तर

स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. जखम बारीक दिसली तरी डोक्याचा मार अंगावर काढू नये. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, रात्र असली तरी निघा.

पैसे भरण्याआधी

गोल्फ आता महाराष्ट्राला परका नाही. गोल्फर अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, आणि टोकियो ऑलिम्पिकला खेळलेला उदयन मानेही पुण्याचाच. खारघरला सिडकोचा कोर्स क्लबचं सभासदत्व नसलेल्यांनाही खुला आहे. त्यामुळे हा खेळ आता फक्त सभासदांच्या मुलांचा राहिलेला नाही, आणि शिबिरंही वाढत चालली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणूनच फी भरण्याआधी एक सकाळ कडेला उभं राहून शिबिर बघा आणि विचारा. एका कोचकडे मुलं किती? कोच फोनवर किंवा पालकांशी बोलत असताना मुलांचे क्लब कुठे असतात? बॉल गोळा करायची वेळ ठरलेली आहे का? पहिल्या आठवड्यात मुलाच्या हातात कोणता क्लब देता? वीज चमकली तर मुलांना कुठे नेता? ज्यांनी या गोष्टींचा विचार केलेला असतो, ते उभ्या उभ्या उत्तर देतात आणि जागा हात करून दाखवतात. ज्यांना प्रश्नाचा राग येतो, तिथून मुलाचा हात धरून परत फिरा. गोल्फ सत्तरीतही खेळता येतो, सहा वर्षांच्या मुलाला चांगली जागा सापडेपर्यंत दोन महिने थांबायला काहीच हरकत नाही.