परक्या शहरात स्पॅनिश शिकताना



मराठी शाळेत शिकलेले मूल उद्या परदेशी गेले, तर तिथली भाषा शिकून त्या शहरात रुळू शकेल का? ही शंका पुष्कळ पालकांच्या मनात असते. स्पॅनिश भाषेचे उदाहरण घेऊन या शंकेचा विचार करूया. ही भाषा स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, पेरू अशा सुमारे वीस देशांत चालते.

प्रथम एका मराठी माणसाची ओळख करून घेऊ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. ते अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत सामील झाले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे त्यांना मायदेशी परतता येईना. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला गेले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. तिथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते अध्यापक झाले. त्यांनी गहू व मका यांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी खुल्या कृषिशाळा चालवल्या. हे सारे काम स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत करायचे होते. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचे चित्र रंगवले आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परक्या मुलखात ते आपलेसे झाले, कारण ते तिथल्या लोकांच्या कामात आणि भाषेत मिसळले.

आता आपल्याकडे वळू. कंग्राळीचे मूल घरात मराठी बोलते आणि बेळगावच्या बाजारात ‘एष्टु?’ असे विचारून भाव करते. शाळेत ते हिंदी आणि इंग्रजीही शिकते. एकच गोष्ट निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या रीतीने सांगतात, हे त्याला लहानपणीच कळलेले असते. ‘एष्टु?’ ऐवजी ‘क्वांतो क्वेस्ता?’ म्हणायचे, एवढाच फरक.

शिवाय मराठी येणाऱ्याला स्पॅनिश काही बाबतींत सोपी जाते.

१) उच्चार : स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. शब्द बहुधा लिहिल्याप्रमाणे वाचतात. मात्र ‘ह’चे अक्षर मुके असते. त्यामुळे ‘नमस्कार’ या अर्थाचा शब्द ‘ओला’ असा उच्चारतात.

२) लिंग : आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी म्हणतो. तिथे ‘बुएनो’ आणि ‘बुएना’ असा बदल होतो. नामांना दोनच लिंगे आहेत. म्हणजे आपल्यापेक्षा एक कमीच!

३) तू आणि तुम्ही : मित्राला ‘तू’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे शब्दही तोच! वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला ‘उस्तेद’ म्हणावे.

४) आवड : ‘मला आंबा आवडतो’ याला ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतात. आंबे अनेक असतील तर आपण ‘आवडतात’ म्हणतो, तिथे ‘गुस्तान’ होते. इंग्रजीत हे असे चालत नाही.

५) ओळखीचे शब्द : गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या भाषेतून पगार, पाव, मेज, बटाटा असे शब्द मराठीत आले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिच्यात ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, ‘पान’ म्हणजे पाव आणि ‘मेसा’ म्हणजे टेबल.

अवघड भागही आहे. आपल्या ‘आहे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. ‘मी विद्यार्थी आहे’ यासाठी पहिले आणि ‘मी घरी आहे’ यासाठी दुसरे. हे सवयीनेच जमते.

भाषा वर्गात सुरू होते, पण पक्की होते ती गल्लीत. नव्या शहरात फक्त आपल्याच देशातल्या मुलांबरोबर राहिले, तर वर्ष सरते आणि भाषा येत नाही. शक्य असल्यास स्थानिक कुटुंबात खोली घ्यावी. दुकानात शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हणावे. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला असते. ती वेळ अंगवळणी पाडावी, कारण गप्पा जेवणाच्या मेजावरच होतात. सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायचे असेल, तर पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. हे काम पुढे ढकलू नये.

पालकांनी एक लक्षात घ्यावे. आपल्या भाषेत वाक्य कसे जुळते हे ज्याला नीट कळले, त्याला दुसऱ्या भाषेतले वाक्य लवकर उमगते. कर्ता, कर्म, लिंग, वचन हे मराठीच्या तासाला शिकलेले परदेशात वाया जात नाही. मुलाची मराठी कच्ची ठेवून परकी भाषा पक्की करता येत नाही. तसेच शेजारची कानडी शिकल्याने आपली मराठी कमी होत नाही.

स्वाध्याय :

१) घरात वापरले जाणारे पोर्तुगीज मुळाचे पाच शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा.

२) ‘मला मका आवडतो’ हे वाक्य कानडीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहा. कोणत्या भाषेत रचना मराठीसारखी आहे, ते सांगा.

३) या आठवड्यात बाजारात एका दुकानदाराशी पूर्ण कानडीत बोला आणि नवे कळलेले तीन शब्द वहीत उतरवा.