बाईकला हवी डिकी!

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाकडे एक बाईक असते. स्वतःची नसली तर रूममेटची! आणि त्या बाईकवर काय काय जातं ते विचारू नका. ड्रॉइंग शीटचा रोल, मेसचा डबा, घरून आलेली लाडवांची पिशवी आणि परीक्षेच्या दिवशी तिसरा भिडूसुद्धा. पण एक साधा पान्हा किंवा रेनकोट ठेवायला जागा विचाराल तर उत्तर एकच, "हँडलला पिशवी लटकव ना यार!"

गेल्या जुलैत माझी अशीच पिशवी पावसात भिजली. आत आर.सी. आणि इन्शुरन्सच्या झेरॉक्स होत्या, त्यांचा पार लगदा झाला. स्कूटरवाले मित्र मात्र सीट उचलून आपापली कोरडी कागदपत्रं काढत होते. तेव्हाच ठरवलं, आपल्याही गाडीला सीटखाली डिकी करायची. मी ती दोनदा केली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा जमली. दोन्हीची हकिकत सांगतो, म्हणजे तुमचं काम एकदाच होईल.

मोटरसायकलला डिकी का नसते?

स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाजवळ असतं आणि चाकं लहान असतात, त्यामुळे सीटखाली पोकळी मिळते. मोटरसायकलला पुढे टाकी, तिच्याखाली इंजिन, सीटखाली एअर फिल्टर आणि बॅटरी आणि मागे मोठं चाक. जागा उरणार कुठून? होंडाने २०१२ मध्ये एनसी ७०० एक्स या गाडीत हे कोडं वेगळ्या प्रकारे सोडवलं. इंजिनचे सिलिंडर ६२ अंश पुढे झुकवले, पेट्रोलची टाकी सीटखाली नेली आणि टाकीच्या नेहमीच्या जागी २१ लिटरचा कप्पा दिला. हेल्मेट मावेल एवढा! आपल्याला एवढं शक्य नाही. पण आपल्या १०० सीसीच्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या मागे, फ्रेमच्या दोन पाइपांच्या मधे आणि मडगार्डच्या वर थोडी जागा वाया जाते. माझ्या गाडीत ती २२ सेमी लांब, १४ सेमी रुंद आणि ७ सेमी खोल निघाली. गुणाकार करा, २१५६ घन सेमी, म्हणजे दोन लिटरपेक्षा थोडी जास्त. टूलकिट, प्रथमोपचाराची पुडी, हातमोजे आणि कागदपत्रं आरामात बसतात.

माझी पहिली चूक

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी पत्र्याचा ट्रे केलेला असतो. मीही त्याच जोशात जीआय पत्र्याचा ट्रे ठोकला, मडगार्डला चार भोकं पाडली आणि ६ मिमीचे, २५ मिमी लांबीचे बोल्ट वरून खाली टाकून नट आवळले. काम फक्कड दिसत होतं. दोन दिवस एकटा फिरलो, काही नाही. तिसऱ्या दिवशी रूममेट मागे बसला आणि कॉलेजच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला खालून "खर्रर्र" असा आवाज आला. उतरून पाहिलं तर मागच्या टायरवर दोन सरळ चरे!

काय झालं होतं? गाडी स्टँडवर असताना टायर आणि मडगार्ड यांत ९५ मिमी अंतर होतं. मला वाटलं, भरपूर आहे. पण शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबला की चाक सुमारे ८५ मिमी वर येतं. म्हणजे उरले फक्त १० मिमी. आणि माझ्या बोल्टची शेपटं नटाच्या खाली १३ मिमी लोंबत होती. १३ वजा १०, बरोबर ३ मिमी. एवढी वजाबाकी आधी केली असती तर टायर वाचला असता. हेच जर घाटात, ओल्या रस्त्यावर, डबलसीट असताना झालं असतं तर? हा लेख लिहायला मी असतो की नाही, देव जाणे. वर्कशॉपच्या सरांना दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, गाडी उभी असताना मोजलीस, पण ती चालवायची असते ना?" हे वाक्य मी जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आधी मोजा, मेसच्या कणकेने!

आता दुसरा प्रयत्न. सीट काढा आणि आतल्या वस्तूंची यादी करा. बॅटरी, फ्यूज, टेललॅम्पच्या वायरी, रेग्युलेटर, एअर फिल्टरचं हवेचं तोंड. यांपैकी काहीही हलवायचं नाही आणि झाकायचंही नाही. हवेचं तोंड बुजलं तर कार्बुरेटरच्या गाडीत मिश्रण रिच होतं, गाडी काळा धूर सोडते आणि ॲव्हरेज पडतं. रेग्युलेटर गरम होतो, त्याला वारा लागतो. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिची व्हेंट नळी दाबली जाता कामा नये.

सीटच्या खालच्या बाजूला किती जागा आहे हे पट्टीने मोजता येत नाही, कारण सीट बंद केल्यावर आत दिसतच नाही. त्यासाठी मेसच्या मावशींकडून कणकेचे पाच-सहा गोळे मागून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जागोजागी ठेवा, सीट बंद करा आणि दोघं जण बसा. मग सीट उघडून चपटे झालेले गोळे मोजा. गोळ्याची जाडी हीच खरी मोकळी उंची. त्यातून ५ मिमी वजा करून ट्रेची उंची ठरवा. ट्रे उंच झाला तर माणसांचं वजन सीटच्या रबरांऐवजी ट्रेवर येतं आणि सीटचं लॉकही लागत नाही. (मावशींनी विचारलं तर खरं सांगा. मी "प्रोजेक्ट" म्हणालो, तर त्या अजून चिडवतात.)

त्यानंतर मापाने पुठ्ठ्याचा ट्रे करून आत बसवून बघा. पुठ्ठा चुकला तर दोन रुपये जातात, पत्रा चुकला तर पूर्ण रविवार.

कशाचा करायचा?

माझ्या ट्रेचं पृष्ठफळ तळ आणि चार बाजू मिळून ८१२ चौ. सेमी येतं. ०.६ मिमी जीआय पत्र्यात त्याचं वजन सुमारे ३८० ग्रॅम होतं, १ मिमी ॲल्युमिनियममध्ये २२० ग्रॅम आणि ४५० ग्रॅमी मॅटच्या दोन थरांच्या फायबरमध्ये साधारण २५० ग्रॅम. पत्रा गंजतो, त्याच्या कडा वायरी कापतात आणि बॅटरीच्या टर्मिनलला टेकला तर सरळ शॉर्टसर्किट. ॲल्युमिनियमही वीजवाहक. फायबर गंजत नाही, वीज वाहत नाही आणि वेड्यावाकड्या जागेत बसतं. म्हणून दुसऱ्यांदा मी फायबर निवडलं.

फायबरचं काम

१. पुठ्ठ्याच्या साच्याला पूर्ण चिकटपट्टी लावा, वर मेणाचं पॉलिश दोन-तीनदा फिरवा. नाहीतर साचा आणि ट्रे यांचं लग्न लागतं, पुन्हा सुटत नाहीत. कोपरे थोडे गोल ठेवा, मॅट काटकोनात नीट बसत नाही.

२. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीच पट पॉलिएस्टर रेझिन लागतं. माझ्या ट्रेला ७५ ग्रॅम मॅट आणि १८५ ग्रॅम रेझिन लागलं, वाया जाणारं धरून थोडं जास्त आणा. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे इथे ३ ग्रॅमच्या आसपास. जास्त घातलं तर काम लवकर होत नाही, रेझिन तापतं आणि तडकतं.

३. हे लाल अक्षरात वाचा. कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळालं तर उत्तम. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल आणि हातमोजे हवेतच. काम उघड्यावर करा, रूममध्ये नाही. वासाने रेक्टर येतील ते वेगळंच.

४. ब्रशने रेझिन लावा, मॅट ठेवा, ब्रशने टोचून हवेचे बुडबुडे काढा, मग दुसरा थर. वरच्या कडेला २ सेमीची ओठासारखी पट्टी ठेवा, तिच्यावरच ट्रे टेकणार आहे. २४ तास हात लावू नका.

५. कडा हॅकसॉने कापा, पॉलिश पेपर पाणी लावून घासा. कोरडं घासलं तर काचेची धूळ उडते आणि अंगाला दिवसभर खाज सुटते, म्हणून तोंडाला मास्क लावा. तळाला सर्वात खोल जागी ५ मिमीचं एक भोक पाडा, आलेलं पाणी निघून जाईल.

बसवताना

या वेळी मडगार्डला नवीन भोक नाही! आधीची चार भोकंही रबरी बुचांनी बंद केली. ट्रेची ओठपट्टी फ्रेमच्या दोन्ही पाइपांवर टेकवली, मधे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या दिल्या आणि पाइपाला क्लँप लावले. कुठे बोल्ट खाली जाणारच असेल तर डोकं टायरच्या बाजूला आणि नट वर ठेवा. नायलॉक नट वापरा, साधे नट इंजिनच्या व्हायब्रेशनने सुटतात. फ्रेम कापणं किंवा तिला वेल्डिंग करणं तर अजिबात नाही. फ्रेम कमकुवत होते, शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही.

मग चाचणी. मागच्या टायरवर खडूची पूड चोळा, दोघं बसून चार स्पीडब्रेकर घ्या आणि मडगार्डच्या आत खडूची रेघ उठली का बघा. शेवटी ट्रेवर एक मग पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. वीस किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

काय ठेवायचं, काय नाही

दीड किलोच्या वर वजन नको. खड्ड्यात समजा ५ जी इतका धक्का बसला तर दीड किलोचे साडेसात किलो होतात. पान्हे कापडात गुंडाळून, बॅटरीपासून लांब. एक जादा फ्यूज, प्लग पाना, बँडेज आणि निर्जंतुक गॉझ ठेवा. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरतात, पण मोबाईलची बॅटरी नेमकी नाक्यावरच संपते! पेट्रोलची बाटली, लायटर, डिओची कॅन आणि पॉवर बँक मात्र सीटखाली कधीच नाही.

मित्रांनो, माझी डिकी दोन लिटरची आहे, पण त्यात मला तीन मिलिमीटरचा धडा मिळाला. आपण पेपरात "क्लीअरन्स"ची व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवतो. ती चुकली तर मार्क मागे बसलेल्या मित्राचे जातात. तेव्हा डिकी जरूर करा, फक्त मोजताना सोबत एकाला मागे बसवा.

आणि हो, कणकेचे गोळे मावशींना परत देऊ नका!